रुमालाखालचा आकडा

बायकोला वाटतं, माझं तिच्यापासून लपलेलं असं काही नाही. आहे. एकच गोष्ट आहे, पण ती आजवर कुणापाशीच तोंडातून निघाली नाही, आणि आता तुमच्यापाशी काढतानाही मी आधी दार लावून घेतलं. या वयात भीती कुणाची? ते मलाच नीट सांगता येत नाही.

तुम्ही मला ओळखत असाल तर वाटाघाटींचा अभ्यासक म्हणून. देशादेशांत व्यापाराचे करार होतात. साखर कुणी किती घ्यायची, ताग कुणी कुठल्या भावाने द्यायचा, हे ठरवायला शिष्टमंडळं बसतात. त्यांच्या मागे कागद घेऊन मी बसायचो. पुढे माझी खुर्ची पुढे सरकली, मग मी शिकवायला लागलो. दरवर्षी पहिल्या तासाला मी एकच सांगायचो: समोरच्याने विश्वासाने सांगितलेला आकडा फुटला की बोलणी संपली. मुलं भराभर लिहून घ्यायची. मी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायचो.

हे मी कुठल्या विद्यापीठात शिकलो नाही. इंदापूरच्या जनावरांच्या बाजारात शिकलो. आईचे थोरले भाऊ तिथे बैलांचे दलाल होते. सगळा बाजार त्यांना तात्या म्हणायचा, म्हणून मीही तात्याच म्हणायचो. वडील गेल्यावर आई मला घेऊन त्यांच्याकडे आली आणि माझं पुण्याचं शिक्षण त्यांच्याच दलालीवर झालं. आमच्याकडे बैलाचा सौदा तोंडाने होत नसे. दलाल हातावर रुमाल टाकायचा, विकणारा रुमालाखाली त्याची बोटं धरायचा आणि दाबून आपला शेवटचा भाव सांगायचा. मग दलाल घेणाऱ्याकडे जायचा, पुन्हा रुमाल, पुन्हा बोटं. भोवती कितीही गर्दी असो, आकडा त्या हातांनाच ठाऊक. विकणाऱ्याचा शेवटचा भाव घेणाऱ्याला कळू द्यायचा नाही, एवढ्यावर दलालाचं पोट चालायचं. ‘रुमाल फुटला’ असं ज्याच्याबद्दल एकदा बोललं गेलं, त्याच्या हातात पुन्हा कुणी बोट देत नसे.

बघा, मुद्द्यावर यायचं सोडून मी बाजार सांगत बसलोय. माझं हे असं होतं.

पन्नास सालानंतरचे दिवस. मी पुण्यात एम.ए. होऊन संशोधन करत होतो. विलायतेहून एक प्राध्यापक आले होते, व्यापारी करारांवर त्यांचा शब्द मोठा. त्यांच्या शिफारशीने एकाला तिकडे शिकायला जायची शिष्यवृत्ती मिळणार होती. तो एक मीच असावा म्हणून मला अन्न गोड लागत नव्हतं. बाकीची मुलं घरात इंग्रजी बोलणारी, चांगल्या कपड्यांतली. माझ्याजवळ काय होतं? इंदापूर होतं. मी त्यांना रुमालाचं सांगितलं. ते खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, हे मला बघायचंय.

बाजारच्या दिवशी मी त्यांना घेऊन गेलो. तात्यांना आधीच गळ घालून ठेवली होती, की रुमालाखाली मलाही हात घालू द्या, म्हणजे पाहुण्यांना नीट समजावता येईल. तात्यांनी नाही म्हणायला हवं होतं— पाहिलंत? लगेच त्यांच्यावर ढकलायला लागलो. ते म्हणाले, "घाल की. तू काय परका हायस व्हय? फकस्त कळलं ते तितंच ठेवायचं."

विकणारे होते सणसरचे बापूराव. विहिरीवर इंजिन बसवायचं म्हणून मोटेची खिल्लार जोडी त्यांनी काढायला आणली होती. घेणारे बारामतीचे एक गृहस्थ. धोतर, पटका, धुळीने भरलेल्या वहाणा. मला ते चारचौघांसारखे शेतकरी वाटले. बापूरावांनी तात्यांची बोटं दाबली. मग तात्यांनी मान हलवली म्हणून, जरा नाखुशीनेच, माझी दाबली.

मला आकडा कळला. लहानपणी घरी इतर पोरं पाढे म्हणायची तेव्हा तात्यांनी मला बोटं शिकवली होती. मी वळलो आणि पाहुण्यांना तो आकडा इंग्रजीत सांगितला.

का सांगितला? त्यांना आकड्याची काही गरज नव्हती. पद्धत बघून त्यांचं समाधान झालंच होतं. पण मला दाखवायचं होतं, की मी आतला माणूस आहे, हे कुलूप माझ्याकडून उघडतं. आणि मी कुजबुजलोही नाही. उच्चार चांगले यावेत म्हणून चांगला खणखणीत बोललो. त्या बाजारात इंग्रजी कुणाला कळणार होतं?

पटकेवाल्या गृहस्थांना कळलं. ते कालव्यावर ओव्हरसियर होते, सारी नोकरी गोऱ्या इंजिनिअरांच्या हाताखाली झालेली. हे मला नंतर समजलं.

तात्या त्यांच्याकडे गेले. त्यांनी नेमका तोच आकडा दाबला, वर एक बोट चढेनात. तात्यांनी पुन्हा रुमाल टाकला, पुन्हा तेच. शेवटी ते गृहस्थ हसून मोठ्याने म्हणाले, "ओढाताण कशाला करता? त्यांना यात परवडतंय, मला माहीत आहे." बापूराव ऐकत होते. तात्यांनी परत येऊन रुमालाखाली देकार सांगितला मात्र, बापूरावांनी हात मागे घेतला.

"तात्या, हा आकडा माझा हाय," ते म्हणाले. "त्यो तिकडं कसा गेला?"

आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं, भांडणात निभावून गेलं असतं. बाजूचे सौदे थांबले. जुने दलाल जवळ आले, आणि त्यातल्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट केलं. "रुमालात ह्याचा बी हात हुता. काय रं, तू कुणाला बोललास?"

शेजारी पाहुणे विचारत होते, काय चाललंय? एका वाक्याचं काम होतं. चूक माझी, तात्यांची नाही— एवढंच. पण मग पाहुण्यांना ते भाषांतर करून सांगावं लागलं असतं. करारांचा अभ्यास करायला निघालेला पोरगा, आणि त्यानेच भर बाजारात भाव फोडला. मग शिष्यवृत्ती कुणाला मिळाली असती?

मी म्हणालो, "मला कुठं बोटं कळत्यात?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हाताऱ्याकडे वळून ते म्हणाले, "व्हय. त्याला न्हाय कळत." रुमाल घडी करून त्यांनी खिशात ठेवला. ओव्हरसियर गर्दीतून केव्हाच निघून गेले होते.

पाहुण्यांना मी सांगितलं, भावावरून फिसकटलं. फिसकटलेली बोलणी बघायला मिळाली म्हणून ते उलट खूश झाले. शिष्यवृत्ती मला मिळाली.

तात्यांच्या हातात त्यानंतर कुणी बोट दिलं नाही. काही बाजार ते नुसते जाऊन उभे राहिले, मग तेही थांबलं. बारामतीच्या गूळबाजारात ढेपा उचलायला जाऊ लागले, त्या वयात. आईने विचारलं तर म्हणाले, बैलांचा कंटाळा आला. माझ्याशी त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मला ते शिव्या का घालत नव्हते? मी वाट बघत होतो. शिव्या खाल्ल्या असत्या तर निदान झोप लागली असती.

विलायतेला निघण्याआधी बारामतीच्या मोटार स्टँडवर ते ओव्हरसियर भेटले. त्यांनी ओळखीचं हसून चहा सांगितला. ते म्हणाले, तुमचं इंग्रजी फार स्वच्छ आहे. मी तो चहा प्यायलो. आभारही मानले.

पुढे जिनिव्हा झालं, दिल्ली झाली. समोरच्या टेबलावर कुणी शेजाऱ्याच्या कानाला लागला की मी माझे कागद पालथे करून ठेवायचो. सभागृहात मागून मराठी कानावर आलं की वाटायचं, इंदापूरचं कुणीतरी आलंय, आता उठून विचारणार. मी उत्तरं तयार ठेवायचो. भीती कसली होती? तात्यांवरचा आळ कायम राहील याची नव्हती. तो निघेल याची होती. सुट्टीत गावी आलो की बाजारचा दिवस टाळूनच यायचो.

पन्नासचं दशक सरायच्या आधीच तात्या गेले. दहाव्याला नदीवर फार माणसं नव्हती. दलालांपैकी कुणीही आलं नाही. बापूराव तेवढे आले, सणसरहून, पुतण्याच्या आधाराने. माझं नाव तोवर पेपरात येऊ लागलं होतं. त्यांनी मला हात जोडले, साहेब म्हणाले.

"माणूस लाख हुता तुमचा तात्या," ते म्हणाले. "एकदाच घसरला. मी मनातनं काढून टाकलंय सायेब. तुमी बी काढा."

भोवती माणसं होती. आई होती. बापूराव माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी त्यांचे जोडलेले हात हातांत घेऊन म्हणालो, "काढलं."