पाय लागला की नमस्कार

फुटबॉलमध्ये पाय वापरावे लागतात ही गोष्ट शेवटपर्यंत न पटलेला मॅनेजर अख्ख्या महाराष्ट्रात एकच झाला असेल, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. नात्याने ते माझ्या आत्याचे यजमान. मी त्यांना काका म्हणायची, म्हणून आमच्या क्लबातल्या सगळ्याच मुली काका म्हणायला लागल्या. मूळचे त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या घरातले, नोकरी नाशकात सरकारी कचेरीत. फुटबॉल त्यांनी जन्मात खेळला नव्हता. पण त्या काळात, म्हणजे नव्वदनंतर, मुलींनी हाफ पँट घालून मैदानात उतरायचं म्हटल्यावर आयांना कुणीतरी घरचं माणूस हवं होतं. ‘काका आहेत ना बरोबर? मग जा,’ एवढ्या एका वाक्यावर आमचा क्लब उभा राहिला. ते उपकार मी नाकारत नाही. पण त्या उपकारांपायी आमचे किती हाल झाले तेही सांगायला नको का?

रिकाम्या पोटी धावू नये हा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे हाफटाइमला समोरच्या संघातल्या मुली लिंबाच्या फोडी चोखत असायच्या आणि आम्ही डबाभर दहीपोहे संपवत असायचो. चतुर्थी असली तर उपासवाल्यांना साबुदाणा वडे वेगळे. मग उत्तरार्धात कुणाला पळवतंय! कुणाला बदलून बाहेर घेणं तर त्यांच्याच्याने होत नसे. एकदा आमची एक फॉरवर्ड चक्क लंगडत होती. हे रेषेवर उभे राहून विचारतात, ‘बाळ, दमलीस का? नाही ना? बरं, मग खेळ.’ समोरच्यांनी गोल मारला की सगळ्यात आधी टाळी यांची. ‘वा! छान मारला हो!’ गोलमध्ये मी उभी असायची, कॅप्टनही मीच. माझ्या जिवाचा किती संताप होत असेल!

पण खरा कहर होता तो नमस्काराचा. आपला पाय कुणाला लागला की लगेच वाकून हात लावायचा आणि तो आपल्या छातीला लावायचा, हे घराघरात शिकवतात. काकांनी ते मैदानात आणलं. ‘समोरचीही कुणाची तरी लेकच आहे,’ असं म्हणायचे. कर्म माझं! फुटबॉलमध्ये पाय लागणार नाही तर काय लागणार? आमच्या मुली बॉल सोडून नमस्कार करत सुटायच्या. आमच्याशी पहिल्यांदाच खेळणाऱ्या काही संघांतल्या मुली तर गोंधळून उलट नमस्कार करायच्या, आणि रेफ्री डोक्याला हात लावायचा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मंगल होती. मंगल सुरगाण्याकडची, नाशकात होस्टेलवर राहायची, आमची सगळ्यात भक्कम बॅक. राज्य स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र मिळालं तर तिला पोलीस भरतीत खेळाडू म्हणून संधी होती. नाही मिळालं, तर परत यायचं, द्राक्षाच्या कामावर जायचं आणि बघून ठेवलेल्या मुलाशी लग्न करायचं, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. आणि राज्य स्पर्धेत नेणाऱ्या सामन्यात, बरोबरी असताना, अगदी शेवटी, मंगलने समोरच्या फॉरवर्डकडून सुरेख बॉल काढून घेतला. पाय लागला. मंगल वाकली. तिने त्या मुलीच्या नडगीला हात लावून छातीला लावेपर्यंत ती मुलगी बॉल घेऊन माझ्या अंगावर आली, आणि गोल.

‘अगं मंगल, काय केलंस हे!’ मी किंचाळले.

‘पाय लागला ना ताई तिला.’ ती रडायच्या बेतात होती.

आणि रेषेवरून आवाज आला, ‘शाब्बास मंगल!’

त्या वर्षी कशीबशी तिच्या वडिलांची समजूत घालून मंगलला आणखी एक वर्ष मिळवून दिलं. मग आम्ही मुली मैदानावर रिंगण करून बसलो. काकांना आता थांबवायचं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. सगळ्या रडल्या आणि रडून झाल्यावर सगळ्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तू सांग. तुझे काका आहेत.’

मी त्यांच्या घरी गेले आणि सांगून टाकलं. काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

‘नवीन कोण?’

‘पुण्याचे आहेत. शिकलेले कोच आहेत.’

‘मुलींवर ओरडतात का?’

‘ओरडतात.’

‘फार?’

‘काका, ओरडायलाच आणलंय त्यांना!’

‘बरोबर आहे,’ ते म्हणाले. ‘मला ते जमलं नाही.’

दुसऱ्या दिवशी न बोलावता मैदानावर हजर. मला वाटलं, झालं, आता हे काही हलत नाहीत. पण त्यांनी मंगलला बाजूला घेतलं. ‘मंगल, खेळताना पाय लागला तर लागू दे. नमस्कार करायचा नाही. त्याचं जे काही पाप असेल ते मी बघतो.’ एवढं बोलून दहीपोह्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि निघून गेले.

पुढच्या वर्षी राज्य स्पर्धेत नेणारा सामना नगरला होता. काकांना या म्हटलं, तर त्र्यंबकला पूजा आहे म्हणाले. सामना आम्ही जिंकलो. मंगलचा गुडघा फुटला होता, पण तिने एकीलाही पुढे जाऊ दिलं नाही. निदान आत्याला तरी कळवावं म्हणून एसटीडी बूथवरून फोन केला. पहिल्याच घंटीला काकांनी उचलला.

‘कुणाला लागलं का गं?’

‘अहो, जिंकलो का ते तरी विचारा!’

‘हो, ते पण सांग.’

‘जिंकलो. मंगल राज्यात खेळणार.’

 पलीकडे आत्याने फोन घेतला. ‘काय सांगितलंस गं यांना? सकाळपासून फोनपाशी बसलेत, कुणाला हात लावू देत नाहीत, आणि आता तोंड फिरवून डोळे पुसतायत.’

‘त्र्यंबकला पूजा होती ना?’

‘कसली पूजा!’ आत्या वैतागून म्हणाली.

मी बूथमधून बाहेर आले. मंगल गुडघ्याला रुमाल बांधून उभी होती. ‘काका काय म्हणाले ताई?’ तिने विचारलं. ‘कुणाला लागलं का, एवढंच विचारलं,’ मी म्हणाले आणि खाली वाकून तिच्या गुडघ्याचा रुमाल नीट बांधला.