घडीकाकांची ट्यूब

घडीकाकांनी घातलेली शर्टाची घडी आठवडाभर पिशवीत राहिली तरी मोडत नसे, म्हणून त्यांना हे नाव पडलं. जिन्याखालच्या अरुंद जागेत त्यांचं टेबल होतं. त्यावर जुन्या ब्लँकेटचे चार पदर, वर पांढरी चादर, कोपऱ्यात पाण्याचा डबा आणि हातात कोळशाची जड इस्त्री. तीस वर्षं त्यांनी अख्ख्या गल्लीचे कपडे कडक केले. स्वतःच्या अंगात मात्र कायम चुरगळलेलं बनियन. घरच्या कपड्यांवर कोळसा जाळायचा नाही, असा त्यांचा हट्टच होता. सूनबाईनं एकदा लेकीचा फ्रॉक पुढे केला, तर म्हणाले, पोरीला कुठे कचेरीत जायचंय. त्यामुळे घरचे कपडे खोलीतल्या दोरीवर अर्धेमुर्धे वाळायचे आणि तसेच अंगात चढायचे.

मागच्या वर्षी इस्त्रीच्या धगीत घाम मुरून मुरून त्यांच्या कमरेवर नायटा उठला. चांगला रुपयाएवढा, कडेनं लाल आणि मधे कोरडा. मग काखेत, मग मनगटावर. गिऱ्हाइकांनी पाहिलं तर कपडे कोण देणार, या धास्तीनं काका भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शर्ट घालून मनगटापर्यंत बटणं लावू लागले. आत घाम, वर कापड, नायट्याची चैनच झाली. औषधाच्या दुकानात जाऊन त्यांनी नुसतं खाजेचं काहीतरी द्या म्हटलं. दुकानदारानं न बघताच एक ट्यूब पुढे सरकवली.

ट्यूब जादूची निघाली. दोन दिवसांत खाज बंद, चौथ्या दिवशी लाली गायब. काकांनी ट्यूब फळीवर टाकली. पंधरा दिवसांत नायटा परत आला, यावेळी बशीएवढा. काकांनी पुन्हा ट्यूब लावली, पुन्हा आराम, पुन्हा बंद. असं करत चौथी ट्यूब संपत आली, तरी काकांचा तिच्यावरचा विश्वास काही हलला नाही. माणूस कपड्यावरचा डाग डोळ्यांत तेल घालून शोधायचा, पण स्वतःच्या अंगाकडे बघायला त्याला सवड नव्हती.

मुलगा ट्रकवर, महिनामहिना बाहेर. सूनबाई सकाळी पॅकिंगच्या कामावर जायची, ती दिवस कलताना परत. पाच वर्षांची नात आजोबांकडे. दुपारी ती त्यांच्या खांद्यावर गाल टेकून झोपायची आणि उठली की आजोबा गळ्यातल्या पंच्यानं तिचं तोंड पुसायचे. ह्या लाडातूनच तिच्या डाव्या गालावर गोल चकती आली. काकांनी ती ओळखली. सुनेला सांगावं, तर आपल्या अंगावरचंही सांगावं लागणार. त्यांनी खिशातली ट्यूब काढली, बोटभर मलम पोरीच्या गालावर चोळलं आणि म्हणाले, हे आपलं दोघांचं गुपित.

आठवड्यात गाल साफ झाला. काका मनातल्या मनात डॉक्टर झाले. मग चकती परत आली. चकतीत चकती, वर बारीक पुळ्या, आणि कातडी इतकी पातळ की पोरगी रडली की गाल पेटल्यासारखा दिसायचा. कड हळूहळू डोळ्याकडे सरकत होती. सूनबाईनं साबण बदलला, पोरीला मातीत खेळू नको म्हणून बोलली, शेवटी रजा टाकून तिला दवाखान्यात घेऊन निघाली. काकाही मागून गेले. घरी बसवेना.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून गाल पाहिला. त्यांच्या कपाळावर आठी आली. नायटा म्हणावा तर तसा दिसत नव्हता, सगळं एकमेकांत मिसळलं होतं.

"याच्यावर आधी काही लावलं होतं का?" त्यांनी विचारलं.

सूनबाई म्हणाली, नाही, मी काहीसुद्धा लावलेलं नाही. बाईंनी पोरीकडे पाहिलं. पोरीनं आजोबांकडे पाहिलं.

"कुणीच काही लावलं नाही," ती ठामपणे म्हणाली.

काकांना तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच वर्षांचं पोर त्यांच्यासाठी खोटं बोलत होतं, आणि त्या खोट्यावर बाई आता कागदावर औषध लिहिणार होत्या. त्यांनी खिशात हात घातला, चेपलेली ट्यूब टेबलावर ठेवली आणि मनगटाची बटणं सोडली.

"मी लावलं. महिना झाला. माझ्या नायट्याला लावतो तेच."

सूनबाईनं त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि मग पाहिलंच नाही.

बाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. यात लाली दाबणारं औषध मिसळलंय, त्या म्हणाल्या. खाज थांबते, माणूस खूश होतो आणि नायट्याची बुरशी आत पसरत राहते, वर कातडी पातळ होते. गालाची थोडी साल खरवडून त्यांनी तपासायला पाठवली. नवं मलम नुसतं बुरशी मारणारं दिलं. दिवसातून दोनदा, गाल धुऊन पूर्ण कोरडा करून, पातळ थर, कडेच्या बाहेर बोटभर जागेपर्यंत, डोळ्यापासून लांब, आणि लावून झालं की हात धुवायचे. बरं दिसलं तरी त्या सांगेपर्यंत थांबायचं नाही. आधीचं मलम बंद केल्यावर गाल काही दिवस जास्तच लाल होईल, तेव्हा घाबरून पुन्हा त्याच ट्यूबकडे धावू नका, इकडे या. काकांना तपासून गोळ्याही दिल्या, त्या मात्र फक्त त्यांच्यासाठी. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, कपडे उन्हात वाळवून उलट्या बाजूनं गरम इस्त्री.

"घरात इस्त्री आहे ना?" त्यांनी विचारलं.



 घरी आल्यावर सूनबाईनं काकांचा पंचा उचलून दाराबाहेरच्या खिळ्याला लावला आणि लेकीला शेजारच्या मावशीकडे ठेवायला सुरुवात केली. चार दिवस गाल खरंच भडकला. ती रोज मलम लावायची आणि लावताना रडायची, आणि काका जिन्याखाली बसून ते ऐकायचे. गिऱ्हाइकांना त्यांनी आपल्या नायट्याचं स्वतःच सांगितलं. दोन घरांनी गाठोडी परत नेली.  रोज सकाळी इस्त्री तापली की काका पहिले नातीचे फ्रॉक, उशीचा अभ्रा, सुनेचे कपडे आणि शेवटी स्वतःचं बनियन, सगळं उलटं करून दाबून काढायचे.

तिसऱ्या आठवड्यात गाल फिका पडला. एका दुपारी आईचा डोळा चुकवून नात जिन्याखाली आली. मांडीवर बसली नाही, हातभर लांब उभी राहिली. फ्रॉकची बाही वर करून तिनं कोपराजवळची छोटी लाल चकती दाखवली.

"आजोबा," ती कुजबुजली, "आईला सांगू नका हं. आपलं गुपित."

काकांनी इस्त्री बाजूला उभी केली.  सूनबाईची त्या दिवशी सुट्टी होती, ती वर भांडी घासत होती. त्यांनी तिथूनच तिला हाक मारली, आणि ती खाली येईपर्यंत पोरीची बाही खाली येऊ दिली नाही.