पारूवैनीने मचव्याला काय सांगितलं

भुताखेतांचे अनुभव लिहिणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. देवचार, चकवा, मानगुटीवर बसलेलं काहीतरी... असलं कोणी सांगायला लागलं की मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठून आत जाते. वडील कट्टा गावात मास्तर होते, त्यांनीच आम्हाला असं वाढवलं. तरीही आज लिहायला बसले आहे, कारण त्या दिवशी तिथे असलेली माणसं आता फारशी उरलेली नाहीत. आणि ही हकीकत सांगताना भीती वाटत नाही हो, लाज वाटते.

साल साधारण अठ्ठावन्न-एकोणसाठ. लग्न होऊन मी मालवणजवळच्या खाडीकाठच्या वाडीत आले होते. समुद्राशी माझा संबंध तोवर बाजारात येणाऱ्या बांगडे-सुरमईपुरता! सासऱ्यांचा स्वतःचा मचवा होता, शिडाचा. कौलं, नारळ, जळाऊ लाकूड घेऊन मुंबईला जायचा आणि किराणा भरून परत यायचा. पावसाळाभर तो खाडीच्या वाळूवर टेकू लावून, वर माडाच्या झापांचं छप्पर घालून उभा असे. नारळी पौर्णिमा झाली की झापं काढायची आणि मचवा पाण्यात उतरवायची तयारी सुरू व्हायची.

ही तयारी म्हणजे घरातलं लग्नच. तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, फळ्यांच्या सांध्यांतला जुना कापूस उकरून काढायचा, तेलात भिजवलेला नवा कापूस ठोकून बसवायचा — याला कलफात म्हणतात — आणि मग तळाला चुना आणि तेलाचा लेप. माशाच्या तेलाचा वास आठ-आठ दिवस केसांतून जात नसे. कापूस पिंजून त्याच्या वाती वळायचं काम बायकांचं. त्या वर्षी ते माझ्याकडे आलं आणि मी ते भिकार केलं. सासूबाई माझ्या वाती उलगडून पुन्हा वळत होत्या. शेवटी कंटाळून म्हणाल्या, दरवर्षी हे पारू करायची, तिच्या हाताला दृष्ट लागेल असं वळायची. मी विचारलं, मग यंदा का नाही बोलावलं? त्यावर त्या उठून पाणी आणायला गेल्या.

पारूवैनी म्हणजे बाबलची बायको. बाबल आमच्या मचव्यावरचा खलाशी. मागल्या हंगामाच्या शेवटच्या फेरीत, देवगडच्या पुढे, रात्री शीड आवरताना तो पाण्यात पडला. मामंजींनी मचवा फिरवून उजाडेपर्यंत शोधलं, त्यांच्याकडून कसूर झाली नाही. पण बाबल मिळाला नाही. प्रेतही मिळालं नाही. आणि पारूवैनीने कुंकू पुसलं नाही. कुठल्यातरी गलबताने उचलला असेल, येईल, असं ती म्हणायची.

आता अशा बाईला बोलवायचं कसं? मचव्याच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावायला सवाष्णी बोलावतात. तिला सवाष्ण म्हणून बोलवावं तर लोक काय म्हणतील! आणि विधवा म्हणून बाजूला उभं करावं तर ते तिच्या तोंडावर कोण सांगणार? दोर ओढायला वाडीतल्या प्रत्येक घरी जाऊन पुरुषांना आवतण द्यायची पद्धत होती, पण तिच्या घरात आता पुरुषच नव्हता. तेव्हा सगळ्यांनी मिळून सोपा मार्ग काढला... तिच्या दारावरून कोणी गेलंच नाही.

उधाणाच्या दिवशी दुपारच्या भरतीला अख्खी वाडी किनाऱ्यावर जमली. मचव्याखाली तेल चोपडलेले ओंडके घातले होते, नारळ झाला, गाऱ्हाणं झालं, पुरुषांनी दोर खांद्यावर घेतले. मचवा हलला नाही. पुन्हा जोर लावला, पुन्हा नाही. ओंडके सारखे केले, वाळू उपसली, आणखी माणसं लावली. एक दोर तुटून चार जण आडवे झाले तरी मचवा आपला ढिम्म. तिकडे बंदरात कौलांचा माल आमच्यासाठी थांबला होता. हे उधाण चुकलं असतं तर तो दुसऱ्याच्या गलबतात गेला असता. तेव्हा मालट्रक येऊन आमचा धंदा खायला लागलेच होते. मामंजींच्या तोंडचं पाणी पळालं.

मग एक म्हातारा हळूच म्हणाला, की बाबल धरून आहे.

एकदा हे म्हटलं गेल्यावर दुसरं काही कोणाला सुचेना. त्याच्या बायकोला आणा, ती सांगेल तर सोडील. आणायला कोण जाणार? सगळे वाळूकडे बघायला लागले. शेवटी मला पाठवलं. मी नवी सून, माझा तिच्याशी मागचा पुढचा काही संबंध नव्हता. म्हणजे मला लाज वाटायचं कारण नाही, असं त्यांनी ठरवलं असावं.

पारूवैनी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. किनाऱ्यावरचा आरडाओरडा तिला सकाळपासून ऐकू येत असणार. मी कसंबसं सांगितलं, "वैनी, मामंजींनी बोलवल्यानी. मचवो हलणा नाय. लोक म्हणतत... बाबलभावजी धरून आसत."

तिने सूप खाली ठेवलं. "म्हणजे माजो घोव मेलो म्हणान सांगूक इलंस तू?"

तोपर्यंत खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं की माझ्या निरोपाचा अर्थ हा आहे. तिथून पळून जावंसं वाटलं. पण तीच उठली, पदर खोचला आणि माझ्या पुढे चालायला लागली.

किनाऱ्यावर लोकांनी तिला वाट करून दिली. दोर वाळूवर टाकले होते आणि पुरुष मागे सरून उभे होते. मामंजींनी डोकीवरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"पारू, तू सांग तेका. सोड म्हणान सांग."

"आणि हललो नाय तर?"

ती काय विचारते आहे ते सगळ्यांना कळलं होतं. मचवा हलला नाही तर तिथे बाबल नाही, म्हणजे तो कुठेतरी जिवंत असेल. हलला तर तो मेला, आणि ते तिच्याच तोंडून वाडीसमोर ठरणार. आमचा मचवा निघावा म्हणून आम्ही तिला विधवा व्हायला सांगत होतो. आणि खरं सांगू? मलासुद्धा मचवा हलायलाच हवा होता.

तिने नाळेवर तळहात ठेवला, फळीला कपाळ टेकलं आणि काहीतरी पुटपुटली. अगदी थोडंसंच. मग बाजूला झाली.

लाकूड करकरलं. आधी वाटलं टेकू निसटला. पण ओंडके फिरायला लागले, मचवा हळूहळू पुढे सरकला, आणि एकाही माणसाचा हात लागलेला नसताना सरळ पाण्यात गेला. भरती तेव्हा उतरायला लागली होती. पाणी त्याच्या तळापर्यंत पोचलेलंही नव्हतं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग एकच गलका! पुरुष पाण्यात धावले, ढोल वाजायला लागला, सासूबाई रडत हसत होत्या. पारूवैनी जागच्या जागी उभी. तिच्या तळहाताला नाळेवरचं काळं तेल लागलं होतं. तिने तो हात बघितला आणि त्याच हाताने कपाळ पुसलं. कुंकू आणि तेल मिळून एक पट्टा उमटला. मी तिच्या शेजारी होते, पण हात धरायचंही मला सुचलं नाही.

"जा गो," ती मला म्हणाली. "तुमचो मचवो गेलो बघ."

कौलं वेळेवर मुंबईला पोचली. बाबल कधीच परत आला नाही. माझे यजमान मुंबईला गोदीत नोकरीला होते, त्यांनी ही गोष्ट ऐकून मला सायन्स समजावलं. दोरांनी ओढून ओढून वाळूची पकड सुटली असेल, उन्हाने तेल पातळ झालं असेल, वजन आपोआप घसरलं असेल. असेलही. पण मग मला जास्तच शरम वाटते. नुसती वाळूच सरकली असेल तर त्या बाईचं कुंकू आम्ही कशासाठी पुसायला लावलं?

बऱ्याच वर्षांनी, मचवा विकून झाल्यावर, मी धीर करून तिला विचारलं, की वैनी, तेव्हा तुम्ही "सोड" कसं म्हणून सांगितलंत?

"सोड म्हणान खंय सांगलंय?" ती म्हणाली. "मी सांगलंय, धरून ठेव. अज्याबात हलूक देव नको."

मग मचवा हलला तेव्हा तुम्ही कुंकू का पुसलंत, असं मी विचारलं. ती चक्क हसली.

"जलमभर माजा एक आयकल्यान नाय तेणी. मचवो हललो तेवाच माका कळला, तोच तो."

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, यजमानांच्या सायन्सकडेही नव्हतं. ती हसत होती आणि मला मान वर करता येत नव्हती.