न पुसलेली हार्ड डिस्क

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — खरंच माहीत नाही.

अमरावतीत माझा फोटो स्टुडिओ आहे. धाकट्या बहिणीच्या, स्नेहलच्या लग्नाचं शूटिंग मीच केलं. घरचं काम दुसऱ्याला कशाला? हळदीला तिला छोटा माइक लावला — आणि काढायचा विसरलो. आत खोलीत ती मैत्रिणीला, कांचनला म्हणाली, "मले हे लगन करायचंच नोतं. बाबाच्या धाकानं हो म्हनलं."

एडिटिंगला बसलो तेव्हा ते ऐकलं. हादरलो. पण लग्न होऊन गेलं होतं. व्हिडिओतून तेवढं कापलं. मूळ रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर तसंच राहिलं.

पुढे ती डिस्क विकायला काढली. अकोल्याचा एक फोटोग्राफर घ्यायला आला. नीट पुसायचं तर अख्ख्या डिस्कवर दुसरं काहीतरी लिहावं लागतं, त्यात दिवस मोडतो. तो ताटकळत होता. मी क्विक फॉरमॅट मारलं आणि म्हणालो, सगळं पुसलं. त्यानं आतलं जात नाही, परत काढता येतं — हे मला ठाऊक नव्हतं? लोकांच्या गेलेल्या फाइली मीच तर काढून देतो. आणि स्नेहलचं सासर अकोल्यातच, हेही आठवू नये?

त्यानं ते काढलं, ऐकलं. नवरदेव त्याच्या ओळखीचा निघाला. डिस्कचं नाव न घेता ते बोलणं त्यानं स्नेहलच्या नवऱ्याच्या कानावर घातलं. मग मला फोन — "भाऊ, डिस्क नीट पुसत जा ना." हसत होता.

आपल्याच धंद्यातल्या माणसानं दगा दिला म्हणून मी जळत राहिलो. पण स्नेहल? नवऱ्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. ती हे एकट्या कांचनला बोलली होती, म्हणजे तिच्या लेखी दगा कांचनचाच. शाळेपासूनची मैत्री तिनं एका फोनवर तोडली.

कांचन दुकानात आली. डोळे सुजलेले. "दादा, तुमाले बी वाटते का, मीच सांगतलं?"

मी बॅटऱ्या चार्जरला लावत राहिलो. म्हणालो, "मले काय मालूम."

मालूम होतं. तिथं एक वाक्य पुरलं असतं — ते माझ्या तोंडून निघालं नाही. भेकड आहे मी, दुसरं काय?

या दिवाळीला स्नेहल माहेरी आली. नवरा आता कामापुरतं बोलतो. जेवताना म्हणाली, "दादा, आता तुह्याशिवाय कोनावर भरवसा नाही मले."

मी तिला भाजी वाढली.