जाळीच्या आतली फुलं

नागभीडजवळच्या शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, मी चाळीस दिवसांच्या बोलीवर कामाला गेले, तेव्हा माझी पोरगी अकरा महिन्यांची होती. तिला चिमूरकडच्या आमच्या गावी आईजवळ ठेवलं. काम भेंडीच्या बियाण्याचं. उद्या उमलणारी कळी संध्याकाळी सोलायची, आतले पुंकेसर नखानं खरवडायचे, वर कागदाची टोपी घालायची. सकाळी टोपी काढून नर ओळीतलं फूल तिच्यावर घासायचं आणि झाल्याची खूण म्हणून देठाला लाल दोरा बांधायचा. थोडक्यात, माशीचं काम बाईनं करायचं. फुलं रोज उमलतात, म्हणून सुट्टी नाही. मधेच कुणी निघून गेली, तर तिच्या गावच्या एकाही बाईला पुढच्या हंगामात बोलावणार नाही, अशी मालकाची तंबी होती.

जाळीवर बाहेरून गांधीलमाश्या दिवसभर धडका द्यायच्या. त्यांना आत यायचं होतं, मला बाहेर जायचं होतं. बांधावरच्या रानभेंडीच्या फुलात त्या डोकं खुपसून रस प्यायच्या आणि परागानं पिवळ्या होऊन निघायच्या. आम्ही नखं झिजवून जे करायचो, ते त्यांच्या हातून खाता-पिता होऊन जायचं. मला त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मालकाला मात्र त्यांची धडकी भरलेली. एक जरी आत शिरली तरी बाहेरचा पराग लागून "फूल बाटते," म्हणायचा. हा शब्द माझ्या आजीनं जन्मभर स्वतःबद्दल ऐकला होता. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जाळीच्या दाराला शिवलेली चेन उघडी टाकणाऱ्या एकीला त्यानं पहिल्याच आठवड्यात घरी हाकललं होतं. तिच्या गावच्या बाकीच्या बायकांना काही बोलला नाही. ते मी लक्षात ठेवलं.

तिसाव्या दिवशी आई फोनवर म्हणाली, "पोट्टी भितीले धरून उभी राह्यते आता. लवकर ये वो बाई."

दुसऱ्या दिवशी सगळ्या जेवायला गेल्या, तेव्हा मी चेन हातभर उघडली. हाकल बाबा मला एकदाचं, म्हटलं.

चहापर्यंत तीन गांधीलमाश्या आत. या फुलावरून त्या फुलावर, नर बघेनात की मादी. मालक तणतणत आला. मी तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "कोनं केलं ते मले नाई पाह्यचं. चेन कधीपासून उघडी होती, काय माहीत! हप्त्याभराचे दोरे तोडून टाका. काम हप्ताभर वाढलं. घरी कोनीच नाई जात."

आमच्याच हातांनी आम्ही आमचे दोरे तोडले. शेजारच्या ओळीतली बाई आमच्याच गावची, वयानं मोठी. तोडता तोडता म्हणाली, "कोन्या भवानीनं केलं असंन वो? माह्या नातनीचं लगन हाय, आता कशी जाऊ?"

"काय माहीत, बाई," मी म्हणाले. आता कबूल करून घर मिळणार नव्हतं, नुसत्या शिव्या मिळाल्या असत्या. मी भित्री निघाले. तिच्या नातीच्या लग्नाची तारीख जाळीतच गेली.

सत्तेचाळीस दिवस भरून मी रविवारी घरी पोहोचले. पोरगी अंगणातून चालत आली आणि मला बघून आईच्या मागं लपली.

"कधी चालायला लागली?" मी विचारलं.

"गेल्या सोमवारी," आई म्हणाली. "चार पावलं टाकली अन् फाटकाकडं पाह्यत उभी राह्यली. मी म्हटलं, आज तरी हिची माय येईन."

त्या सोमवारच्या आदल्या शनिवारी माझे चाळीस दिवस भरले होते.