बोटाला मासा कळला तर

माशांना हिंग आवडतो, हे आमच्या ह्यांचं शास्त्र. लिंगायताचं घर, गळ्यात लिंग, अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही, आणि या माणसाला छंद काय, तर गळ टाकून बसायचा! गळाला गांडूळ लावायचं नाही, कारण त्यालाही जीव आहे. मी मळून दिलेल्या कणकेत हिंग घालायचा आणि त्याच्या गोळ्या लावायच्या. मासा लागला की त्याच्या ओठातून गळ सोडवायचा, त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. “सोडायचाच आहे तर धरता कशाला?” असं मी लग्नापासून विचारत आले. हे म्हणायचे, “बोटाला कळतं ना, त्याच्यासाठी.”

ह्यांच्या बोटांचं आमच्या घरात फार कौतुक. जिंतूरला आमचं कापडाचं दुकान. हे डोळे मिटून कापड अंगठा आणि पहिल्या बोटात धरायचे आणि पॉपलीन की केंब्रिक, सूत अस्सल की भेसळीचं, सगळं सांगायचे. गिऱ्हाइकं मुद्दाम परीक्षा घ्यायची. बायका दुसऱ्या दुकानातून घेतलेली साडी पिशवीत आणायच्या आणि विचारायच्या, “आप्पा, फसले का मी?” हीच बोटं घरीही स्वस्थ बसायची नाहीत. माझ्या डब्यातलं पीठ चिमटीत चोळून “आज जाड दळलंय” म्हणायचे आणि माझं टाळकं सणकायचं.

गेल्या उन्हाळ्यात ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टर त्याला लांबलचक नाव सांगतात, आम्ही वारंच म्हणतो. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू आला, जड का होईना पण जीभही आली. हात उचलता येऊ लागला, मूठ वळू लागली. पण बोटांना कळेना. गरम कळेना, गार कळेना. परभणीचे डॉक्टर सुई टोचून विचारायचे, “आता कळतंय?” हे मान फिरवून भिंतीकडं बघत बसायचे. मी कापडाचे तुकडे हातात द्यायची, ते हे ढकलून द्यायचे. दुकान बंदच होतं. शेजारचा किराणावाला जागा मागून गेला, त्याला मी नीट उत्तरही दिलं नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी हे चहा पिता पिता म्हणाले, “येलदरीच्या धरणावर जाऊ. गळ टाकतो. बोटाला मासा कळला, तर दुकान उघडू.”

“आन् न्हाई कळला तर?”

ह्यांनी बशी खाली ठेवली. मला इतका राग आला! डॉक्टरची सुई खोटी आणि मासा खरा? पण रागाच्या खाली भीतीच होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी मुकाट्यानं कणीक मळली. हिंग जरा जास्तच घातला.

धरणावरचा होडीवाला ह्यांच्या जुन्या ओळखीचा. त्याची होडी दिवसभरासाठी ठरवली. जन्मात कधी होडीत न बसलेली मी, त्या दिवशी ह्यांना एका बाजूनं धरून आत चढवत होते.

“वहिनी, मधी बसा, अन् हालू नका,” होडीवाला म्हणाला.

“मी कशाला हालू? मला काय नाचायचंय?”

हे हसले. हसताना ह्यांचं तोंड आता एका बाजूला ओढतं. मग ह्यांनी छातीवरच्या लिंगाकडं बोट केलं आणि माझ्याकडं बघितलं. मला कळेना. होडीवाल्यालाच माहीत होतं. “आप्पा गळ टाकायच्या आधी देवाला पाठीवर घेत्यात,” तो म्हणाला. “म्हंजी देवाला दिसत न्हाई.”

इतक्या वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं. “शिवाला कुठं पुढं-मागं असतं?” मी म्हटलं खरं, पण सदऱ्याच्या आतून दोरा सरकवून लिंग पाठीवर घेऊन दिलं. ह्यांची पाठ हाताला हाडंहाडं लागली.

होडी मधोमध नेऊन थांबवली. खाली धरणात गेलेलं एक गाव होतं. पाणी भरलेलं, काहीच दिसत नव्हतं, पण कुठं काय आहे ते होडीवाल्याला काठावरच्या टेकड्यांवरून समजायचं. “समुद्रात खडकापाशी मासे ऱ्हात्यात म्हणे,” तो म्हणाला. “आपल्याकडं ह्या भिंती. लोकं उठून गेली, आता मासे नांदायलेत.”

ह्यांचा गळ काठीचा नसतो, नुसता नायलॉनचा दोरा. एक टोक होडीच्या आडव्या लाकडाला बांधायचं, मधला दोरा पायाशी वेटोळं करून ठेवायचा आणि पाण्यात गेलेला दोरा एका बोटावरून सोडायचा. माशाचा तेवढाच काय तो निरोप. होडीवाल्यानं दोरा ह्यांच्या डाव्या हाताकडं नेला, तसे ह्यांनी डोळे वटारले. त्यानं निमूटपणे तो उजव्या बोटावर ठेवला.

हे डोळे मिटून बसले. दुकानात बसायचे तसे, मान जरा कलती. ऊन चढलं. मी भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घालून पुढं केली, तर नको म्हणाले. होडीवाला आणि मी खाल्लं. मला भूक नव्हती, पण तो एकटा कसा खाणार, म्हणून बसले खात. लिंग पाठीवर होतं तरी मी मनातल्या मनात शंकराला हात जोडले. मासा पाठव म्हणावं की नको पाठवू म्हणावं, तेच मला ठरवता येईना.

दुपार कलली आणि ह्यांच्या पायाशी काहीतरी सळसळलं. वेटोळं सुटत होतं. दोरा ह्यांच्या बोटावरून भराभरा पाण्यात चालला होता.

मी ह्यांच्या तोंडाकडं बघितलं. डोळे मिटलेले, मान कलती. कपाळावर एक आठी हलली नाही. दोरा बोटावर करकचत होता, कातडी सोलवटत होती, आणि हे वाट बघत बसले होते. होडीवाल्यानं तोंड उघडलं. मी मान हलवून त्याला गप्प केलं. का केलं? ओरडले असते तर मासा कदाचित मिळाला असता. पण ह्यांना मासा नको होता. ह्यांना जे हवं होतं ते मला ओरडून देता येण्यासारखं नव्हतं.

दोरा संपला. होडीला हिसका बसला, ती एका अंगाला झुकली आणि परत सरळ झाली. दोरा सैल पडला. हिसक्यानं ह्यांनी डोळे उघडले.

“वारं सुटलं का?”

होडीवाला पाण्याकडं बघत म्हणाला, “व्हय आप्पा. वारंच.”

पाण्यावर तरंगसुद्धा नव्हता. मी पदर तोंडाला लावला.

“आज मासाच न्हाई,” हे म्हणाले.

“थंडीचे खाली जाऊन बसले आसतील,” मी म्हणाले. “पुन्यांदा येऊ.”

ह्यांनी मान डोलावली आणि हात मांडीवर ठेवला. पांढऱ्या धोतरावर लाल डाग उमटला, मग मोठा झाला. ह्यांनी डागाकडं बघितलं. मग डाव्या हातानं उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरला, दुसऱ्याची वस्तू बघावी तसा. बोटावर आडवी चीर पडलेली, रक्त मनगटापर्यंत आलेलं. मग पायाशी बघितलं. वेटोळं नव्हतं.

मी पदराचं टोक फाडून बोटाला गुंडाळायला गेले, तर ह्यांनी हात मागं घेतला नाही. मी घट्ट बांधलं. दुखलं असतं एखाद्याला.

“लय मोठा होता का?” ह्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता येईना. “लय,” मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

“केवढा?”

मी दोन्ही हात पसरून दाखवले. हे त्या दोन हातांच्या मधल्या जागेकडं बराच वेळ बघत राहिले.

“किराणावाल्याला निरोप धाड,” हे म्हणाले. “दुकान इकून टाकू.”