सोमाला बोलावू का?

मंडळी, सोमाच्या लेकीचा ताप उतरलेला नाही, असं वैद्यांनी आत्ताच सांगितलं.

सोमा आमच्या मालगुजारांच्या तलावाचा पाणकर, शेतांना पाळीनं पाणी देणारा. धान पोटरीत आलंय, लोंबी बाहेर पडायच्या या दिवसांत पाणी चुकून चालत नाही, म्हणून तो कालपासून बांधावरच होता. सकाळी बायको तिथं आली.

“लेक बापाले बोलावून राहिली. इथं कायले बसले?”

“मी उठलो तर वरच्या शेतांवाले पाणी वळवतील. खालचं धान मरंल.”

“माह्यासमोर वळवून दाखवू द्या. जा तुमी, मी आहो.”

तो घरी गेला, ती बांधावर बसली.

दुपारी पाणी खालच्या शेतांना सोडायचं आहे. वरचे शेतकरी आताच कुदळी घेऊन जमताहेत. “बाईचं कोन आयकते?” म्हणतात.

तुम्हीच सांगा, सोमाला बोलावू का? निरोप गेला तर तो येईलच, आणि लेक पुन्हा दाराकडे बघत राहील.